मनगटाला लावलेला पेचकस

मशीनच्या पोटात काय बिघडलंय ते ऐकायला आम्हाला डॉक्टरची नळी लागत नाही. हातभर लांब पेचकस घ्यायचा, टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं, मूठ कानाला दाबायची आणि डोळे मिटायचे. कारखान्यातल्या सगळ्या शॉपचा गोंगाट मागं पडतो आणि आतलं बेअरिंग एकटंच बोलायला लागतं. घरघर असली तर ग्रीस संपलंय, टकटक असली तर गोळी फुटलीय. चितेगावच्या आमच्या कंपनीत मी एकवीस वर्षं टूलरूमला फिटर आहे आणि माझा कान शॉपमध्ये गाजलेला आहे. दुसऱ्या डिपार्टमेंटचे लोक मला बोलवायला येतात, "चला मामू, जरा सुनके बताओ इसको क्या हुवा." मी जातो, ऐकतो, सांगतो, आणि बहुतेक वेळा बरोबर निघतं. ही फुशारकी नाही. याच कानानं माझा घात केला, म्हणून आधी सांगून ठेवतोय.

मागच्या वर्षी पैठण रोड पाण्याच्या पाइपलाइनसाठी उकरून ठेवला होता. कंपनीची बस चुकली म्हणून मी मोटारसायकल काढली, आणि एका वळणावर खडीवरून गाडी सटकली. पडताना माणूस काय करतो, हात पुढं टेकतो. मीही टेकला, उजवा. उठून बघतो तर मनगट काट्याच्या चमच्यासारखं वाकडं. दुखायचं नंतर सुरू झालं, आधी नुसती मळमळ आली.

डॉक्टरांनी तळहाताच्या बाजूनं कापून आत प्लेट बसवली, तिला आठ स्क्रू. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान असलेला हा डॉक्टर तोंडानं फटकळ, पण हातानं पक्का. मला असा माणूस आवडतो. सुट्टी देताना त्यानं मला आणि माझ्या बायकोला समोर बसवून सांगितलं, "प्लेटच्या अगदी वरून अंगठा ओढणारी नस जाते. नस म्हणजे रक्ताची नव्हे, दोरी समजा. कधी टोचलं, आवाज आला, अंगठा अडकला, तर त्याच दिवशी यायचं. आणि महिन्याला एक एक्स-रे." मी मान डोलावली. पहिल्या महिन्याचा एक्स-रे छान आला, दुसऱ्या महिन्याचाही छान आला, मी कामावर रुजू झालो आणि तिसऱ्या महिन्यापासून मी जायचं सोडून दिलं.

आवाज सुरू झाला तो त्याच्यानंतर. अंगठा वाकवला की मनगटात आत कुठंतरी टक्. सरळ केला की पुन्हा टक्. दुखत नव्हतं फार. मी काय केलं असेल? रविवारी दुपारी पेटीतून लांब पेचकस काढला, टोक मनगटाला टेकवलं, डाव्या हातानं मूठ कानाला दाबली आणि अंगठा हलवत ऐकत बसलो. आता सांगताना माझी मलाच लाज वाटते, पण त्या वेळी मी अगदी गंभीर होतो. आवाज कोरडा होता, एकसारखा होता, एकाच जागी होता. मी निदान केलं, रनिंग-इन. नवीन गिअर बसवला की सुरुवातीला वाजतो, मग दात एकमेकांना घासून आपापली जागा करून घेतात आणि आवाज जातो. मध्येच खोलून बघणारा फिटर कच्चा. माझ्या मनगटातही नवीन माल बसवलेला, घासून घासून बसेल की जागेवर.

बायको दारात उभी राहून हे सगळं बघत होती. ती सिल्लोडकडची, बोलायला कुणाच्या बापाला भीत नाही.

"अहो, चहाचा ग्लास धरता तव्हा मला इकडून ऐकू येतं ते. डॉक्टरला दाखवा."

"सेट होतंय ते. होईल बंद."

"मला ऐकू द्या बरं एकदा."

तिनं हात पुढं केला होता. मी पेचकस दिला नाही. "तुला काय कळतं त्यातलं?" म्हणालो, आणि हसलो वर. ती तोंड फिरवून आत गेली. तिच्या जागी मी असतो तर तोच पेचकस डोक्यात घातला असता.

आवाज लवकर बसावा म्हणून मी रबरी चेंडू आणला. सकाळ-संध्याकाळ दाबायचा. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता दाबायचा. टक्, टक्, टक्. बाजूला बसणारा वैतागून जागा बदलून गेला. दोन महिने मी माझा अंगठा असा पद्धतशीर चालवला, आणि खरं सांगतो, आवाज थोडा मऊ झाल्यासारखाही वाटला. मी बायकोला ऐकवलंसुद्धा, "बघ, म्हणलो नव्हतो?" ती भाजी निवडत राहिली. ती गप बसली की मला जास्त राग येतो.

आमच्या भागात नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं. आलं की घरातल्या प्रत्येकानं हातातलं टाकून पळायचं, टाकी, ड्रम, बादल्या, कळशा, काही रिकामं ठेवायचं नाही. त्या दिवशी सकाळी पाणी आलं. मी उजव्या हातात भरलेली बादली उचलली, न्हाणीघरातल्या ड्रमपर्यंत नेली, डाव्या हातानं बुडाला आधार देऊन ओतली, आणि बादली सोडायला गेलो तर सुटेना. चार बोटं उघडली. अंगठा उघडेना. तो कडीभोवती वाकला होता तसाच राहिला. मी जोर लावला, मनगटातून करकचून कळ आली आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले. रिकामी बादली हातात लटकतेय आणि मी तिला सोडू शकत नाही. मी हात झटकला. बादली भिंतीवर आपटली, पण हातातून गेली नाही.

"अगं ए!" मी ओरडलो. मला वाटतं मी आयुष्यात इतक्या जोरात कधी ओरडलो नाही.

ती धावत आली. बाहेर नळ तसाच चालू, पाणी वाया जातंय, त्याच्याकडं तिनं बघितलंही नाही. माझ्या पुढ्यात ओल्या फरशीवर बसली आणि दोन्ही हातांनी माझा अंगठा धरून हळूहळू, लेकराच्या मुठीतून काही सोडवावं तसा सरळ करायला लागली. मध्येच आत काहीतरी खरवडलं आणि अंगठा एकदम मोकळा झाला. बादली खाली पडली. आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो. "चला," ती म्हणाली. त्या वेळी "काय कळतं तुला" म्हणायची माझी हिंमत नव्हती.

डॉक्टरनं एक्स-रे कॉम्प्युटरवर लावला आणि पेनानं दाखवला. आठातला एक स्क्रू आपोआप उलटा फिरून डोकं वर काढून उभा होता. एका बाजूचं हाडही प्लेटवरून जरा सरकलं होतं. स्क्रूच्या डोक्याची कड बरोबर अंगठ्याच्या दोरीखाली.

"कधीपासून आहे आवाज?"

"झाले चार महिने."

"आणि चार महिने तुम्ही काय करत होता?"

मी रनिंग-इन सांगितलं. गिअरचं सांगितलं. चेंडूचंही सांगितलं, कारण खोटं बोलायची सवय नाही. बायको खाली बघत होती. डॉक्टरनं कपाळावर हात मारला. खरंच मारला, चट् असा आवाज आला.

"अहो, मशीनमध्ये लोखंडाला लोखंड घासतं. इथं लोखंडाच्या वर तुम्ही होता. तुम्ही चेंडू दाबत होता ना, तेव्हा त्या कडेवर स्वतःची दोरी कापत होता. चेंडू दाबून दाबून!"

मग त्यानं काय करायचं ते सांगितलं. प्लेट, स्क्रू, सगळं काढायचं. हाड भरलंय, ते धरेल. दोरी किती राहिलीय ते उघडल्यावरच दिसेल. राहिली असली तर ठीक. नसली तर दुसऱ्या बोटाची दोरी वळवून अंगठ्याला लावायची, पण मग पहिल्यासारखा अंगठा नाही. तोपर्यंत अंगठा अजिबात हलवायचा नाही, कारण आता ती एका धाग्यावरही असेल, आणि तुटेल तेव्हा दुखणारसुद्धा नाही. नुसता अंगठा पडेल.

फिटरचा उजवा अंगठा म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला कळणं अवघड आहे. मायक्रोमीटर दोन बोटांत धरायचा आणि त्याचं बारीक चाक अंगठ्यानं फिरवायचं. किती फिरवायचं ते आकडा नंतर सांगतो, अंगठा आधी सांगतो. केसाच्या दहाव्या हिश्शाचा फरक माझ्या अंगठ्याला कळतो. तो गेला तर कंपनी मला काढणार नाही, चांगले लोक आहेत. गेटवर खुर्ची देतील. येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं वहीत लिहायची, तेही डाव्या हातानं. आमच्याकडं एक जण आहे असा, प्रेस मशीनमध्ये बोटं गेलेला. त्याला मी एकवीस वर्षं रोज "काय म्हणतोस?" विचारून पुढं जायचो, आणि तो काय म्हणतोय ते ऐकायला कधी थांबलो नाही.

ऑपरेशनला दोन दिवस होते. त्या दोन दिवसांत माझा हात कोपरापासून बोटांपर्यंत पट्टीत, अंगठा वेगळा बांधलेला. आणि माझी हालत अशी की पॅन्टचं बटण बायकोनं लावायचं, जेवण डाव्या हातानं सांडत करायचं. पण खरा त्रास तो नव्हता. अंगठा पट्टीच्या आत बांधलेला असून मला सारखं वाटायचं तो हलला. झोपेत हलला असेल का? शिंक आली तेव्हा हलला का? तुटली असेल तर कळणारही नाही म्हणतात. बघायचं म्हणलं तर हलवावा लागेल, आणि हलवला तर तुटेल. घरात मी भिंतीला पाठ लावून बसून राहायचो. आई विचारायची, "लई दुखतंय का रं?" मी म्हणायचो, "नाय." दुखलं असतं तर बरं झालं असतं.

ऑपरेशनच्या दिवशी पूर्ण भूल दिली नाही. गळ्याच्या हाडाच्या वर सुई टोचली आणि थोड्या वेळानं माझा हात मेला. शब्दशः. तो उचलून बाजूच्या फळीवर ठेवला तेव्हा कुणाचा तरी हात कुणीतरी उचलला एवढंच मला दिसलं. दंडाला पट्टा आवळला, छातीवर हिरवा पडदा उभा केला, आणि पडद्यापलीकडं माझं काय चाललंय ते मला बघायची सोय राहिली नाही. राहिला फक्त कान.

स्क्रू सोडवायला लागले. तो आवाज मी लाखांत ओळखेन. पहिला सुटला, दुसरा सुटला, तिसऱ्याला जरा वेळ लागला. प्रत्येक स्क्रू स्टीलच्या वाटीत पडायचा आणि मी मोजायचो. सात झाले. आठव्याला डॉक्टरनं जोर लावला आणि आवाज आला, कच्च.

खाच गेली. स्क्रूच्या डोक्यातल्या खाचेची कड गेली की पेचकस नुसता गरागरा फिरतो. टूलरूमला हे रोजचं आहे. असा स्क्रू मग ड्रिलनं उडवावा लागतो, सगळीकडं चुरा होतो. पण ते टेबलावर. इथं चुरा माझ्या हातात, आणि शेजारी माझी ती दोरी, असली तर.

पुन्हा कच्च. जो स्क्रू जागेवर राहायला पाहिजे होता तो आपला आपण सुटून बाहेर आला, आणि ज्याला बाहेर यायचंय तो जागा सोडत नाही. मला उठून बसायचं होतं. पेचकस हातात घ्यायचा होता. मी उजवा हात हलवायचा प्रयत्न केला. तो हलला नाहीच, तो मला सापडलाच नाही. डावा हात पट्ट्यात. त्या क्षणी मला कळलं की मी बांधलेला आहे, आणि घाम फुटला. इतकी वर्षं दुसऱ्यांची मशीनं अशीच ठोकून बांधून मी उघडली होती.

"साहेब," मी म्हणालो, "खाच गेली का?"

"तुम्ही गप पडा."

"जोर लावू नका. मधी काहीतरी पातळ टाका. पत्रा, कागदासारखा पत्रा. मग धरतो तो."

पलीकडून डॉक्टरचा आवाज, "अहो, ते आम्हालाही येतं. सिस्टर, त्या टाक्याच्या दोऱ्याचं पाकीट फाडा. त्याचा चांदीचा कागद द्या मला." मग कसलातरी चुरचुर आवाज. मग पेचकस बसला, हे मला ऐकू आलं. मग एक लांब, कोरडं किंचाळणं, गंजलेल्या बोल्टचं असतं तसं, आणि वाटीत टण्. आठ. मी डोळे मिटले. माझ्या कानात पाणी गेलं तेव्हा कळलं की मी रडतोय.

"दोरी?" मी विचारलं.

"आहे," डॉक्टर म्हणाला. "निम्म्याहून जास्त घासलीय. पण आहे."

प्लेट आणि स्क्रू त्यानं प्लास्टिकच्या छोट्या डबीत घालून दिले. घरी आल्यावर मी डाव्या हातानं व्हर्निअर काढला आणि तो उलटा आलेला स्क्रू मोजायला घेतला. एक्स-रेवर दिसलं तेवढं डोकं वर आलं होतं म्हणजे फार तर दोन मिलीमीटर. असा जॉब माझ्यासमोर आला असता तर हात न लावता रिजेक्ट केला असता. मी डबी बंद केली आणि कपाटात मागं टाकली.

आता खरी कैद सुरू झाली. डॉक्टरनं सांगितलं होतं, दुसऱ्या दिवसापासून अंगठा हळूहळू वाकवायचा. जोर नाही, पकड नाही, फक्त वाकवायचा आणि सरळ करायचा. नाही हलवला तर दोरी आजूबाजूला चिकटेल आणि कायमची अडकेल. म्हणजे हलवला तर तुटायची भीती, नाही हलवला तर चिकटायची. मी रोज सकाळी हात मांडीवर घेऊन बसायचो आणि अंगठ्याकडं बघायचो. हुकूम डोक्यातून निघायचा आणि दंडापर्यंत येऊन थांबायचा. बायकोनं विचारलं की "केला व्यायाम" म्हणून सांगायचो. मगाशी म्हणालो ना खोटं बोलायची सवय नाही, ती तेवढ्या दिवसांत लागली.

बाराव्या दिवशी टाके काढले तेव्हा डॉक्टरनं अंगठ्याला हात लावला आणि तो भडकला. "लाकूड झालंय हे! हलवलाच नाही तुम्ही. आधी नको तेव्हा दोन महिने चेंडू दाबला, आता पाहिजे तर हलवत नाही. अजून आठवडा असाच ठेवा, मग माझ्याकडं येऊ नका." रिक्षात मी बाहेर बघत होतो आणि मला गेटवरची ती खुर्ची दिसत होती.

घरी आल्यावर मी पलंगावर बसलो. ती आतल्या खोलीत गेली. पत्र्याच्या पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला, हत्यारं खडखडली, आणि ती बाहेर आली ती तो लांब पेचकस घेऊन. पदरानं टोक पुसलं. माझ्यापुढं खाली बसली.

"ठेवा हात इथं."

"येडी झालीस का?"

"ठेवा म्हणते ना. चार महिने तुम्ही ऐकलं. आता मी ऐकते."

मी हात तिच्या गुडघ्यावर ठेवला. तिनं टोक व्रणाच्या दोन बोटं वर टेकवलं, इतकं हलकं की मला नुसता गार स्पर्श कळला. मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. हे तिला मी कधी शिकवलं नव्हतं. बघून बघून शिकली असणार.

"वाकवा."

"तुटलं तर?"

"तुटलं तर मला आधी ऐकू येईल. थांबा म्हणते मी. वाकवा."

मी रडायच्या बेतात होतो. तिनं डोळे उघडले नाहीत. मी अंगठ्याला सांगितलं, हल. तो थरथरला. मग आतून काहीतरी ओढलं गेलं, ताठ, दुखरं, पण ओढलं गेलं, आणि अंगठ्याचं टोक वाकलं. करंगळीपर्यंत नाही. तर्जनीच्या मुळापर्यंतसुद्धा नाही. अर्ध्यात थांबलं आणि परत सरळ झालं. मी पुन्हा वाकवला. पुन्हा. तुटलं नव्हतं. मला स्वतःला काहीच ऐकू येत नव्हतं, कारण पेचकस तिच्या कानाला होता.

"काय येतंय गं ऐकू?" मी विचारलं. एकवीस वर्षांत हा प्रश्न मी पहिल्यांदा दुसऱ्या कुणाला विचारत होतो.

"गप बसा हो जरा," ती म्हणाली. "ऐकू द्या."